बेचाळीस फर्मे

माझ्या मामाने आजवर किती पुस्तकं बांधली याची मोजदाद कुणी केलेली नाही. वाचली किती ते मात्र मी छातीठोकपणे सांगू शकते. परवापरवापर्यंत एकही नाही.

मामा बाइंडर आहे. शाळांची हजेरीपुस्तकं, वाचनालयातल्या हाताळून हाताळून खिळखिळ्या झालेल्या कादंबऱ्या, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, चर्चची गीतपुस्तकं, सगळं त्याच्या टेबलावरून जातं. एवढी पुस्तकं हाताखालून जातात, वाचावंसं वाटत नाही का, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "वाचत बसलो तर शिवणार कधी?" हे उत्तर त्याने इतक्यांना इतक्या वेळा ऐकवलं की आमच्या चर्चच्या मंडळीतली मुलं त्याची नक्कल करायची. मंडळीत त्याला सगळे खळमामा म्हणतात. बांधणीची खळ त्याच्या नखांच्या कडेला कायम वाळलेली असते. "उपासनेत हात जोडलेत की सुटतात ना नंतर?" अशी मामी त्याची फिरकी घ्यायची, आणि तो खरंच हाताकडे बघायचा.

खाली दुकान, वर दोन खोल्या. शाळेची चार वर्षं मी त्यांच्याकडे राहिले. माझं काम इकडचं तिकडे सांगणं, म्हणून मामाने माझं नाव ठेवलं टपाल. आता मी शाळेच्या कार्यालयात बसते, पण नाव आणि सवय दोन्ही तशीच आहेत.

मामी रोज सकाळी सव्वासहाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायबल घेऊन बसायची. ताप असो, पाहुणे असोत, सव्वासहा म्हणजे सव्वासहा. अर्धवट मोठ्याने वाचायची. समोरच्या खुर्चीवर मामा दिवसभराच्या शिवणीसाठी दोऱ्याला मेण लावत बसलेला असायचा, दोऱ्याचं टोक ओठांत. वाचता वाचता मामी थांबायची. "अहो, एक विचारू?" मामा दोरा न काढताच म्हणायचा, "हं. मग." मामी पुढे वाचायला लागायची. ते "मग" चार वर्षांत मी एकदाही उगवलेलं पाहिलं नाही. त्या वयात मला त्यात काही वावगंही वाटलं नाही, हे कबूल करते.

अशी तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सहा पारायणं केली. एक पूर्ण झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख घालायची, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने. पेन्सिली माझ्याच, शाळेच्या पेटीतल्या. मी ती पेटी तिथेच टाकून आले होते.

सातव्या वेळी ती यिर्मयाच्या पुस्तकापर्यंत आली आणि आजारी पडली. पुन्हा घरी आलीच नाही. शेवटी शेवटी रुग्णालयात, माझ्यासमोर, ती मामाला म्हणाली, "माझं वाचन अर्धवट राहिलंय. रिबीन आहे तिथून पुढे तुम्ही वाचा. सातव्यांदा पूर्ण होऊ दे."

"वाचतो," मामा म्हणाला.

"आणि त्याआधी ते बांधून घ्या हो. वीस वर्षं सांगतेय. गावभराची बांधता."

पलीकडे सलाईन लावणारी नर्स हसली. मामीही हसली. मामा हसला नाही.

दफनानंतर आठवड्याभरात त्याने ते बांधलं. बायबल सुटं केलं, जुना कणा काढला, एकेक फर्मा साफ केला. बत्तीस पानांची घडी म्हणजे एक फर्मा, असे त्यात बेचाळीस. ते पुन्हा शिवले, ठेवणीतलं तपकिरी चामडं चढवलं, नवी रिबीन लावली. इतकं सुंदर पुस्तक त्याने दुसऱ्या कुणाला बांधून दिलेलं मला आठवत नाही. ते त्याने मामीच्या जागी टेबलावर ठेवलं आणि खाली कामाला निघून गेला.

मी दर रविवारी उपासनेनंतर त्याच्याकडे डोकावायचे. घर नीटनेटकं होतं, तेच अंगावर यायचं. कपबशी एक, ताट एक. दोन खुर्च्या समोरासमोर, एकीची गादी दबलेली, दुसरीचीही दबलेलीच, पण तिच्यावर कुणी बसत नव्हतं. मामा कपाटात तोंड घालून बोलायचा म्हणजे मला त्याचा चेहरा दिसू नये. मी विचारायचे, "कुठवर आलं?" तो म्हणायचा, "यिर्मया झालं." पुढच्या वेळी, "विलापगीत झालं." मग, "यहेज्केल चाललंय. मोठं आहे."

मला काय आनंद झाला! आणि मी पडले टपाल. आमच्या पाळकांना सांगितलं, त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं. बुधवारच्या शास्त्राभ्यासाच्या मंडळींनी ठरवलं की खळमामाने येऊन पंधरा मिनिटं बोलावं. विषयही त्यांनीच दिला, नियमित वाचनाची गोडी कशी लागली. मामी त्या बुधवारच्या बैठकीला वर्षानुवर्षं जायची, तेव्हा मामा तिला फाटकाशी सोडून बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायचा. तोच आता आत जाऊन बोलणार म्हणून मीच जास्त फुशारले.

त्याआधीच्या रविवारी मी वही घेऊन गेले, मुद्दे काढून द्यायला. म्हटलं, मामीने सोडलं तिथूनच सुरुवात करू. यिर्मया, अध्याय छत्तीस, हे तिने रुग्णालयात मला दोनदा सांगितलेलं. नवी रिबीन होती ती भलतीकडेच, पार स्तोत्रांत. यिर्मया काढलं, अध्याय शोधला. चौतीस होता, पुढे पान उलटलं तर मजकूर तुटलेला. पानाचा आकडा पाहिला. सातशे चार. पुढचं पान सातशे सदतीस.

"मामा, सातशे चारनंतर सातशे सदतीस?"

त्याने पुस्तक माझ्या हातातून जवळजवळ ओढलं. फराफरा पानं उलटली. पार मागे, नव्या करारात शिरता शिरता, त्याला हरवलेली बत्तीस पानं सापडली. तेविसावा फर्मा तिथे जाऊन बसला होता.

"फर्मा चुकला," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत माझा फर्मा चुकला नाही." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या दिवसांत त्याने ते शिवलं त्या दिवसांत त्याच्या जागी कुणाचंही चुकलं असतं, एवढं मला कळायला हवं होतं. पण मला कळलं ते दुसरंच. मामीने जिथे सोडलं होतं नेमकं तेच पान जागेवर नव्हतं, आणि चार महिन्यांत मामाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे तू वाचलंच नाहीस. एक पानसुद्धा नाही."

त्याने पुस्तक मिटलं.

मी त्याला जन्मभर अरे-तुरे करत आले. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही तिला शब्द दिला होतात. ती सहा वेळा वाचून गेली. तुमच्याच्याने एकदा उघडवलं नाही." ते "तुम्ही" त्याला चापटीसारखं लागलं, हे मला दिसलं. तरी मी जिना उतरले आणि दुकानाचं दार आपटलं.

पाच रविवार मी गेले नाही. रागीट माणसाचं हे एक असतं, राग ओसरला तरी पाय उचलत नाही.

बुधवारी काय झालं ते मला नंतर कळलं. मामा गेला होता. ठरलेल्या वेळी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी वाचलेलं नाही. भाचीला खोटं सांगितलं, तिने तुम्हाला सांगितलं. मला गोडीबिडी काही लागलेली नाही. सकाळी पुस्तकासमोर बसतो, पण घर इतकं शांत असतं की पान उलटल्याचा आवाज सहन होत नाही. मग मी उठतो." एवढं बोलून तो बसला. पाळकांनी एक गीत सुरू केलं आणि सगळ्यांनी ते जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

सहाव्या आठवड्यात त्याचा फोन आला. "टपाल, रागावली असशील तर रागाव. पण सकाळी ये. सव्वासहाला."

मी गेले. टेबलावर मामीचं बायबल सुटं पडलं होतं. चामडं एकीकडे, पुठ्ठे एकीकडे, फर्मे उपडे रचलेले. शिवणीच्या चौकटीवर मोजून आठ फर्मे चढले होते आणि दोरा तसाच लोंबत ठेवला होता.

"एक फर्मा हलवायला सगळी शिवण उसवावी लागली," तो म्हणाला. "उसवली तेव्हा ठरवलं. जेवढं वाचलं तेवढंच शिवायचं. आणि पुढच्या गठ्ठ्यात डोकवायचं नाही."

"यिर्मयापासून नाही का?"

"शिवण मधून सुरू होत नाही," तो म्हणाला. बाइंडरने यापेक्षा वेगळं काय सांगावं!

पहिले दोन फर्मे त्याने औषध घ्यावं तसे घेतले, हे त्याचंच म्हणणं. घड्याळ पुढ्यात ठेवून. तिसऱ्यात देवाचा मंडप उभारायची लांबलचक वर्णनं आली. इतके हात, तितके खांब. झोप यायला लागली म्हणून त्याने वाचलेली घडी हाडाच्या पट्टीने दाबायला घेतली, आणि घडीच्या अगदी आत, जिथे टाका पडतो तिथे, त्याला लाल पेन्सिलीची बारीक ओळ दिसली. ती त्याने मला दाखवली. मामीचं अक्षर. "मेंढ्यांची कातडी तांबडी रंगवलेली. तांबडा रंग कशाने देत असतील? ह्यांना विचारायचं."

"ह्यांना म्हणजे मला," मामा म्हणाला, जणू मला कळलं नसेल.

"पहिल्यांदा बांधलंस तेव्हा दिसलं नाही?"

"दिसलं की. पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. रागच आला. वाचल्या नाहीत."

पुस्तकावर लिहिणं मामाच्या लेखी गुन्हा. गिऱ्हाईकाला पुस्तक परत देताना तो समासातल्या रेघोट्या दाखवून दोन शब्द सुनवायचा. म्हणून मामीने लपवून लिहिलं होतं, घडीच्या आत, जिथे पुस्तक मिटलं की काही दिसत नाही. घरातला एकच माणूस पुस्तक तिथवर उघडतो आणि तो वाचत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या तांबड्या कातड्यापायी मामाने तो अध्याय तीनदा वाचला. रंगाचं काही सापडलं नाही, तेव्हा दुकानातली चामड्याची कात्रणं काढून बसला. मग मामीच्या ओळीखाली साध्या पेन्सिलीने उत्तर लिहिलं. झाडाची साल उकळून रंग देतात, पण इतकी कातडी म्हणजे पाण्याचे हंडे किती लागले असतील, वाळवंटात पाणी कुठून आणलं? आणि त्या पाण्याच्या शोधात तो पुढचा फर्मा वाचून मोकळा झाला.

मग काही विचारू नका. सव्वासहाचे आठ वाजायला लागले. दुकान उशिरा उघडायला लागलं. माझ्या कार्यालयात फोन यायचा, मुख्याध्यापक समोर बसलेले असताना. "टपाल, देवळाची डागडुजी करताना त्यांना पुस्तक सापडतं, माहीत होतं तुला? नियमशास्त्राचं! तिथेच पडलेलं!"

"मामा, ते सगळ्यांना माहीत आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"चाळीस वर्षं दर रविवारी सांगतायत. तू गीतपुस्तकाची शिवण तपासत बसायचास."

त्यावर पलीकडून, "तिने विचारलंय, इतकी वर्षं धूळ खाऊन शाई टिकते का. टिकते. ओल नसली की टिकते. लिहून ठेवलंय मी." त्याच्या आवाजात उत्साह होता आणि त्या उत्साहाला घरात ऐकायला कुणी नव्हतं. म्हणून तो मला फोन करत होता. मी फोन ठेवला की मला भडभडून यायचं, आणि मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायचे.

बाविसावा फर्मा शिवला आणि मामा थांबला. नऊ दिवस त्याने वाचलं नाही. मी गेले तर खाली दुकानात हजेरीपुस्तकांना पुठ्ठे चिकटवत होता.

"काय झालं?"

त्याने हातातला पुठ्ठा दाबून बसवला. मग म्हणाला, "रंग बघितलेस तू?"

शेवटच्या पानावर सहा तारखा, सहा रंगांत. त्यावरून कोणती ओळ कितव्या वेळची ते कळत होतं. मामाने इथवरचे प्रश्न लावून पाहिले होते. लाल एकतीस. निळे अठरा. हिरवे अकरा. तपकिरी चार. काळे दोन. नारिंगी रेघा होत्या, वचनांखाली ओढलेल्या. नारिंगी प्रश्न एकही नव्हता.

"सहाव्या वेळी तिने मला काही विचारलंच नाही गं."

"तोवर तिला उत्तरं सापडली असतील."

"नाही," मामा म्हणाला. "विचारायचं सोडून दिलं तिने." आणि ब्रश खळीत बुडवून तो पुठ्ठ्यावर फिरवत राहिला, एकाच जागी, पुठ्ठा भिजून फुगेपर्यंत. मी तो ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला. तो खरं बोलत होता, आणि ते "हं, मग" मीही चार वर्षं ऐकलं होतं.

शेवटी मी एवढंच म्हटलं, "पुढचा तेविसावा आहे. चुकलेला. तो तरी जागेवर बसव."

"तेवढा बसवतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले. तो मोठ्याने वाचत होता, मी ओट्याला टेकून ऐकत होते. छत्तिसाव्या अध्यायात यिर्मया सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईने लिहून काढतो. ती गुंडाळी राजापुढे वाचतात. राजा शेकोटीजवळ बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि आगीत टाकतो, असं करत करत सगळी गुंडाळी जाळतो.

"चाकूने?" मामा ओरडलाच. "लेखकाच्या चाकूने? ज्याने लेखणी तासायची त्याने?" तो इतका भडकला की राजा तिथे असता तर त्याची धडगत नव्हती. मग त्याने पुढे वाचलं. यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेतली, आणि बारूखने सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

मामाने घडी उघडली. आत जांभळी ओळ होती. सातव्या पेन्सिलीची, जिच्या इथवर नुसत्या रेघाच होत्या. अक्षर हललेलं, ओळ खाली खाली उतरत गेलेली. त्याने ती मनात वाचली आणि फर्मा माझ्याकडे सरकवला.

"एवढं केलेलं वाया गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून करायची उमेद कुठून आणतात? ह्यांना विचारायचं."

त्यापुढे जांभळ्या पेन्सिलीची एक रेघही नव्हती. हे तिचं शेवटचं पान. म्हणजे तिने विचारायचं सोडलं नव्हतं, किंवा सोडून पुन्हा धरलं होतं. आणि रुग्णालयातून आल्यावर मामाने फक्त रिबिनीचं पान उघडलं असतं, तर हे पहिल्याच दिवशी त्याच्या हाती आलं असतं. हे आम्हा दोघांनाही कळलं. मामाने दोन्ही तळवे त्या पानाच्या दोन बाजूंना ठेवले आणि मोठ्याने रडला. दफनाच्या दिवशी रडला नव्हता.

त्या ओळीखाली त्याने उत्तर लिहिलं नाही. फर्मा मात्र शिवला, जागेवर. उरलेले एकोणीसही शिवले, एकेक वाचून. लाल, निळे प्रश्न येत राहिले, तो उत्तरं देत राहिला. नारिंगी शेवटपर्यंत सापडला नाही. मग चामडं चढलं आणि शेवटच्या पानावर त्याने जांभळ्या पेन्सिलीच्या थोटकाने सातवी तारीख घातली.

मला वाटलं, संपलं. आता पुस्तक कपाटात जाणार. दोन दिवसांनी शाळेत जाता जाता माझ्याकडे राहिलेली दुकानाची चावी द्यायला वर गेले तर तो टेबलाशी बसलेला. बायबल पहिल्या पानावर उघडं, शेजारी माझ्या पेटीतली गुलाबी पेन्सिल, नवी टोकलेली. समोरची खुर्ची रिकामी. एकटाच मोठ्याने वाचत होता, कुणीतरी ऐकत असावं इतपत मोठ्याने.

"त्या जांभळ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलंस?"

"आधी करून बघतो," तो म्हणाला. "मग लिहीन."

मी चावी खिळ्याला अडकवली आणि वळले. घंटेला पंचवीस मिनिटं होती, बस गाठायची होती. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर मला मागून त्याचा आवाज ऐकू आला. वाचन थांबलं होतं.

"टपाल, एक विचारू?"

"नंतर" माझ्या ओठांवर आलं होतं, अगदी दातांपर्यंत. मी दोन पायऱ्या परत चढले, पर्स खाली ठेवली आणि मामीची खुर्ची ओढून बसले.

"विचार," मी म्हटलं.